फिरतं घर थांबवणाऱ्यांचे आभार

घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. माझ्याकडे २ वर्षं दोन्ही अक्षरशः फिरत होते. मेनियर्स, आतल्या कानाचा आजार. डाव्या कानाच्या आत द्रवाचा दाब वाढायचा, कानात भुंगा गुणगुणायचा आणि मग दोन-तीन तास गरगर.

स्वारगेटला खांबाला मिठी मारून बसले होते, तेव्हा भाजीची पिशवी रिकामी करून माझ्या तोंडापुढे धरणाऱ्या मावशी, तुमच्या मांडीवरची ती मेथी अजून डोळ्यांसमोर आहे.

मीठ कमी केलं (लोणचं सुटलं, ते दुःख वेगळं), चक्करेवरचं बीटाहिस्टिन घेतलं, तरी भागेना. जेंटामायसिनच्या इंजेक्शनने चक्कर आटोक्यात येते, पण ऐकू येणंही जाऊ शकतं. "कान अजून ऐकतोय, तो आधी राखू," म्हणत त्याऐवजी कानाच्या पडद्यातून स्टेरॉइड देणारे डॉक्टर. "अर्धा तास बोलायचं नाही, आवंढाही गिळायचा नाही," असं दटावून हात धरून बसलेल्या सिस्टर. ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या, त्या बंद खोलीबाहेर माझ्या चुकलेल्या बीपांवर कधीच न वैतागलेला मुलगा, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

शेवटची चक्कर येऊन ८ महिने झाले. काल आईचा फोन मुद्दाम डाव्या कानाला लावला. तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "जेवलीस का?"