पंधरा दिवसांत रंगभूषा येत नाही, मंत्रिमहोदय

मा. कौशल्य विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न.

मी सोलापुरात १२ वर्षं नवरीचा मेकअप करते. लग्नसराईत पहाटे चारला किट उचलते, मे महिन्याच्या उन्हात बेस टिकवून दाखवते. धंदा बरा चालतो, त्याची तक्रार नाही.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली विचारतात, "ताई, सीरियलमध्ये काम मिळेल का?" तिथं मी गप्प बसते. कारण ४५ हजार भरून एका खाजगी अकॅडमीत मी १५ दिवसांचा 'प्रोफेशनल' कोर्स केला होता. प्रमाणपत्राला सोनेरी किनार होती, एवढं खरं. पुढे एका शॉर्ट फिल्मवर हाणामारीतली जखम रंगवली. तिसऱ्या दिवशी त्याच प्रसंगाचा उरलेला भाग होता, आणि जखम भुवईच्या वर होती की खाली, मला आठवेना. रोज फोटो काढून ठेवायचे असतात, हे कोणी सांगितलंच नव्हतं. 'कंटिन्युइटी' (आधीच्या शूटिंगमधलं रूप पुढेही जसंच्या तसं राखणं) हा शब्द मी दिग्दर्शकाचा ओरडा खाताना शिकले.

नवरी एक दिवस सुंदर दिसली की आमचं काम संपतं. मालिकेतली बाई मात्र कधी आजारी, कधी वीस वर्षांनी म्हातारी दिसावी लागते. लेटेक्सनं सुरकुत्या पाडणं, स्पिरिट गमनं मिशी चिकटवणं, सनस्क्रीन असलेला बेस फ्लॅशमध्ये पांढराफटक का दिसतो ते ओळखणं, हे शिकावंच लागतं. सावळा चेहरा दोन शेड उजळ करायची खोड आम्हाला पार्लरनं लावली. कॅमेरा ती चोरी लगेच पकडतो. चेहरा राखाडी आणि मान वेगळीच!

आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजी ट्रेड एक वर्षाचा आहे, पण त्याचा रोख पार्लरकडे.

हिंदी चित्रपटसृष्टीत काम करायला संघटनेचं सदस्य-कार्ड लागतं; बाईला केशभूषाकाराचं कार्ड मिळे, मेकअप आर्टिस्टचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१४ मध्ये ती बंदी मोडीत काढली. दार उघडलं खरं, पण आमच्या मुलीला तिथवर जायला सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट पुरत नाही. मुंबईत सहा महिने तग धरायला पैसा लागतो.

म्हणून मागणी एकच. आयटीआयच्या त्याच ट्रेडला जोडून सोलापुरात माध्यम-रंगभूषेचं, म्हणजे मालिका-सिनेमा-नाटकांच्या मेकअपचं, एक वर्ष सुरू करा. शिकवायला नाटकांच्या रंगपटात आयुष्य काढलेली माणसं आणा, भले त्यांच्याकडे डिग्री नसो. सराव हुतात्मा स्मृती मंदिरातल्या नाटकांवर आणि मोडनिंबच्या लावणी कलाकेंद्रांत होईल. शेवटचे चार महिने गोरेगाव किंवा कोल्हापूरच्या चित्रनगरीत, विद्यावेतनासह.

सध्या माझ्याकडे तिघी शिकतात. एकीची आई विड्या वळते; पोरीचा हात फार हलका आहे. पुढच्या वर्षी तिला कुठे पाठवू, तेवढं कळवा.

आपली,
सोलापुरातली एक मेकअपवाली