विभाग नेमका कधी सुरू झाला?

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतलं ‘विभाग आणि कार्यालय : एक मागोवा’ हे प्रकरण तुझ्याकडे आलं, हे वाचून मला फार बरं वाटलं. नाहीतर ते प्रकरण कुणीतरी एका रात्रीत उरकतं आणि विभागप्रमुखांच्या फोटोंखाली चार ओळी छापून मोकळं होतं.

तू लिहितोस की अर्थशास्त्र विभाग कधी सुरू झाला असं विचारलं तर चार जण चार सालं सांगतात. अरे, चौघांचंही बरोबर असेल. पहिला तास झाला एका वर्षी, विद्यापीठाची मान्यता आली पुढच्या वर्षी, पद मंजूर झालं त्यानंतर, आणि स्वतंत्र खोली मिळाली कधीतरी चौथ्याच वर्षी. ३१ वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढून माझं एक मत पक्कं झालंय : विभागाचा इतिहास विचारायचा तर आधी पैसा कुठून आला ते विचार. त्या पैशाबरोबर कोणती अट आली, हे शोध. बाकीचं आपोआप सापडत जातं.

मागच्या महिन्यात डेक्कन कॉलेजात गेलो होतो. पुतणी तिथे भाषाशास्त्राला आहे. एवढी वर्षं पुण्यात राहून येरवड्याच्या त्या आवारात मी निवांत असा कधी हिंडलोच नव्हतो. दगडी इमारत, जुनी झाडं, वसतिगृहात टिळकांची म्हणून जपून ठेवलेली खोली. टिळक, आगरकर, चिपळूणकर तिथलेच, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर मी काही सांगत नाही. मला लागलं वेड ते तिथल्या विभागांच्या जन्मकथेचं.

पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे. राज्य गेलं तरी मुंबईचा इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टन यानं तो खर्च एकदम तोडला नाही. त्यातलाच काही पैसा वळवला आणि ६ ऑक्टोबर १८२१ ला विश्रामबाग वाड्यात हिंदू कॉलेज सुरू झालं. लोक त्याला पाठशाळाच म्हणायचे. व्याकरण, न्याय, वेदान्त, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक असे विषय. शिकायला फक्त ब्राह्मण. पैसा दक्षिणेचा, म्हणून विषयही दक्षिणेच्या परंपरेतले आणि दारही तेवढ्यांनाच उघडं. स्मरणिकांमध्ये ही गोष्ट कुणी लिहीत नाही. तू तुमच्या कॉलेजचं लिहिताना मुलींचा पहिला प्रवेश, मागासवर्गीयांची पहिली शिष्यवृत्ती कोणत्या साली, हे आवर्जून लिही. तो विभागांइतकाच कॉलेजचा इतिहास आहे.

पुढे १८३७ मध्ये मेजर कँडी देखरेखीला आले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचं काम केलेले आणि मराठीला विरामचिन्हं लावणारे तेच कँडी. १८५१ मध्ये पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं. मग सर जमशेटजी जीजीभॉय यांची मोठी देणगी मिळाली, १८६४ मध्ये येरवड्याला पाया घातला गेला, १८६८ मध्ये कॉलेज नव्या इमारतीत गेलं आणि त्याला डेक्कन कॉलेज हे नाव मिळालं.

आता खरी गोष्ट ऐक. १९३४ मध्ये सरकारनं हे कॉलेज बंद केलं. विद्यार्थी गेले, प्राध्यापक पांगले, वर्ग रिकामे पडले. पण माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. जमशेटजींची देणगी शिक्षणासाठी आहे, ती सरकारला अशी गुंडाळून ठेवता येणार नाही, असं म्हणत ते कोर्टात गेले. शेवटी १७ ऑगस्ट १९३९ ला कॉलेज पुन्हा उघडलं, पण बी.ए.चं कॉलेज म्हणून नाही, पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून. तिथल्या झाडाखाली उभा राहून मी कितीतरी वेळ याच विचारात होतो. सत्तरपंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या देणगीचा आधार घेऊन माणसं लढली. ते कागदपत्र मधल्या काळात कुठल्या कुठल्या कारकुनांनी फडक्यात बांधून ठेवले असतील! त्यांची नावं कुठेच नाहीत.

आणि १९३९ मध्ये आलेली माणसं बघ. सांकलिया पुरातत्त्वाला, कत्रे भाषाशास्त्राला, शेजवलकर मराठ्यांच्या इतिहासाला, इरावती कर्वे समाजशास्त्राला. इरावतीबाई त्याआधी एसएनडीटी महिला विद्यापीठात रजिस्ट्रार होत्या, हे तुला माहीत होतं का? मला उशिरा कळलं आणि का कोण जाणे, फार आपलेपणा वाटला. फायलींवर शेरे मारणारा तोच हात पुढे गावोगाव हिंडून नात्यागोत्यांच्या नोंदी करत होता. ज्या माणसानं ऑफिस चालवलंय त्याला नोंदीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पुरातत्त्वाचं संग्रहालय मी दोनदा पाहिलं. जोर्वे, नेवासे, शिरूर तालुक्यातलं इनामगाव, सगळी आपल्याच मुलखातली गावं. इनामगावला घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण सापडला आणि त्यात बसवलेल्या स्थितीत पुरलेला माणूस. तीन हजार वर्षांपूर्वीचा तो सांगाडा आपल्याला काही सांगू शकतो, कारण तो कुठल्या घरात, कोणत्या थरात, कशाशेजारी होता हे खोदणाऱ्यांनी त्याच दिवशी लिहून ठेवलं. नोंद नसती तर तो नुसता रांजण आणि नुसती हाडं.

मग पुतणीनं कोशाच्या खोलीत नेलं. कत्र्यांनी १९४८ मध्ये संस्कृतच्या कोशाचा प्रकल्प सुरू केला. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ निवडले, त्यातला शब्द अन् शब्द संदर्भासह चिठ्ठीवर उतरवला. अशा जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या! पहिला खंड निघाला तो थेट सत्तरच्या दशकात. तीसहून जास्त भाग निघाले आणि अजून काम ‘अ’वरच आहे. एक खण उघडून दाखवला. कडा पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या, वर शब्द, खाली ग्रंथाचं नाव आणि ठिकाण, अक्षर बारीक पण एकाही जागी गिचमीड नाही. लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार की हा कोश पुरा झालेला आपण बघणार नाही. तरी वेलांटी सुद्धा हयगयीनं काढलेली नाही. माझे डोळे भरून आले, खरं सांगतो.

विभाग जातातही, हेही तिथे दिसतं. सरकारनं जमवलेल्या हजारो संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह एकेकाळी तिथे होता. भांडारकर प्राच्यविद्या संस्था निघाल्यावर १९१८ मध्ये तो तिकडे गेला. उलट इतिहास संशोधक पारसनिसांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ मध्ये इकडे आला. तुमच्याकडे बंद पडलेल्या विषयांचंही लिही. वर्कलोडअभावी, म्हणजे पुरेसे तास नाहीत म्हणून, कुणाचं पद गेलं, कोणत्या साली शेवटची तुकडी बसली, तेही कॉलेजचंच आयुष्य आहे.

आता माझ्या मनातली सल. मी ज्या कॉलेजात होतो तिथे एकदा तपासणी समिती यायची होती. खोली मोकळी करायची म्हणून जुनं दप्तर रद्दीत घातलं. मी रजेवर होतो. परत आलो तर टेम्पो गेलेला, आणि कोपऱ्यात बस्त्यांची लाल फडकी तेवढी घडी घालून ठेवलेली. दोन वर्षांनी एक बाई आल्या, सत्तरीच्या. त्यांना पहिल्या वर्षाच्या प्रवेशाचा दाखला हवा होता, जन्मतारखेच्या पुराव्यासाठी. त्या वर्षाची प्रवेश नोंदवही त्याच टेम्पोत गेली होती. बाई काही बोलल्या नाहीत, पिशवी उचलून गेल्या. ते मला अजून छळतं.

म्हणून तुला सांगतो, मुलाखती नंतर घे. आधी ऑफिसात बस. हेडक्लार्कला चहा पाज आणि तीन गोष्टी माग : पगारपत्रकं, आवक-जावक रजिस्टर आणि डेडस्टॉक, म्हणजे टेबल-खुर्च्यांपासून उपकरणांपर्यंतच्या टिकाऊ सामानाची नोंदवही. पगारपत्रकात पहिल्यांदा नाव आलं तो महिना म्हणजे पद मंजूर होऊन माणूस रुजू झाल्याचा पुरावा. आवक-जावकमध्ये विद्यापीठाच्या मान्यतेच्या पत्राचा क्रमांक सापडेल. आणि डेडस्टॉकला कुणी हात लावत नाही, पण विभागाचा खरा जन्म तिथेच असतो. आमच्याकडे मानसशास्त्र विभागाचं साल सगळे एक सांगायचे. डेडस्टॉकमध्ये त्याच्या दोन वर्षं आधी स्टॉपवॉचची नोंद निघाली, तीही तत्त्वज्ञानाच्या नावावर. म्हणजे तत्त्वज्ञानाचे सरच मानसशास्त्राचा पेपर घेत होते आणि प्रयोगांचं सामान त्यांनीच मागवलं होतं. त्यांचं नाव मानसशास्त्राच्या फलकावर कुठेच नव्हतं. मी ते प्राचार्यांना दाखवलं, आणि फलक बदलला.

शिपाई, ग्रंथालय परिचर, प्रयोगशाळा सहायक यांची नावं सेवापुस्तकांवरून उतरवून घे. सध्याच्या लोकांना विचारून पूर्ण यादी होणार नाही.

डेडस्टॉकचं पहिलं पान सापडलं की त्याचा फोटो मला पाठव. पहिली नोंद कशाची आहे, टेबल की घंटा, ते बघायची फार उत्सुकता आहे. आणि अक्षर कुणाचं आहे हे जुन्या लोकांपैकी कुणी ओळखतं का, तेही विचार. दिवाळीच्या आधी कच्चा मजकूर घेऊन इकडे ये, दोन दिवस बसून सालं जुळवू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
हॉस्टेलचा रूम पार्टनर