नृत्याच्या बातमीत नाच दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी सख्खी बहीण समकालीन नृत्याच्या रचना करते, हे आधीच सांगतो. का, ते पुढे येईल.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पानांवर नृत्याच्या कार्यक्रमाची बातमी येते, तेव्हा दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते झाले, सूत्रसंचालन कोणी केले, आभार कोणी मानले हे सगळे कळते. शेवटी ‘रसिक मंत्रमुग्ध झाले’. मंचावर नर्तक किती होते आणि ते काय करत होते, हे मात्र कुठेच नसते. भरतनाट्यम किंवा कथक असेल तर निदान अलारिप्पू, तराणा अशी ठरलेल्या नृत्यप्रकारांची नावे तरी लिहिता येतात. समकालीन नृत्यात तोही आधार नाही, म्हणून वार्ताहर माहितीपत्रकातले ‘स्त्रीमनाचा शोध’ हे वाक्य उचलतो किंवा सरळ ‘वेस्टर्न डान्स’ लिहून मोकळा होतो. सुरतेजवळच्या नवसारीत जन्मलेले समकालीन नर्तक अस्ताद देबू (१९४७–२०२०) कथक शिकले, लंडनला अमेरिकन नर्तिका मार्था ग्रॅहम यांचे तंत्र शिकले, मणिपूरच्या पुंग चोलम (ढोल वाजवत नाचण्याचा प्रकार) वादकांबरोबर आणि कर्णबधिर कलावंतांबरोबर त्यांनी रचना केल्या. हे काम ‘वेस्टर्न’ या शब्दात कसे मावेल?

हे नृत्य पाहताना प्रत्येक हाताचा अर्थ शोधत बसू नये. हालचाल निघते कुठून ते पाहावे: खांद्यातून, कंबरेतून, की नुसत्या श्वासातून. नर्तक आपले वजन जमिनीला देतो आहे की वर उचलून धरतो आहे, तेही पाहावे. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या होळीत कमरेला घुंगरू आणि वाळलेले दुधी बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून नाचणारे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे शिकवावे लागत नाही. तिथे कंबर हलली की नाद होतो आणि नजर आपोआप कमरेवर जाते. तीच नजर नाट्यगृहात वापरायची. दुसरी अडचण तालाची. अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या रचनांत संगीत आणि नृत्य वेगवेगळे तयार होत आणि मंचावरच एकत्र येत. अशा धाटणीच्या रचनेबद्दल ‘ताल चुकला’ असे लिहिले, तर चूक लिहिणाऱ्याची असते. नृत्यरचनाकार चंद्रलेखा (१९२८–२००६) यांच्या ‘शरीर’सारख्या रचनेत धृपदाच्या आलापीबरोबर शरीर इतके सावकाश उलगडते, की पहिली काही मिनिटे ‘काही घडतच नाही’ असे वाटते. तिथे घाई करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

बसायची जागा महत्त्वाची आहे. पहिली रांग मानाची असली तरी नृत्यासाठी सगळ्यांत वाईट. मंच डोळ्यांच्या उंचीवर येतो आणि जमिनीवर लोळणारा नर्तक अर्धाच दिसतो. सहाव्या ते दहाव्या रांगेत मधोमध बसावे. नर्तकांच्या जागांची आखणी पाहायची असेल तर बाल्कनी. जवळ छोटी वही आणि जाड शिसाची पेन्सिल असावी, कारण बॉलपेन उमटले की नाही हे अंधारात कळत नाही. एका पानावर तीन-चार शब्द पुरे, नाहीतर ओळी एकमेकींवर चढतात. मोबाइलवर टिपणे काढू नयेत. मागच्यांना त्रास होतो आणि अंधाराला सरावलेले आपले डोळे पुन्हा दिपतात. लिहायचे ते क्रियापद: ‘घसरली’, ‘थांबून मान वळवली’, ‘तिघे उभे, एक पाठमोरी’. विशेषण घरी आल्यावरही सुचते, पण क्रियापद तोवर विसरलेले असते.

मंचावर काय अंथरले होते, हे तर कोणीच लिहीत नाही. या नृत्याला लाकडी मंच आणि त्यावर पट्टीने जोडलेले व्हिनाइलचे रोल लागतात. आपल्याकडे भाषणांसाठी अंथरतात तोच गालिचा नृत्यालाही ठेवतात. अनवाणी तळवा त्यावर फिरत नाही, अडतो, आणि पीळ गुडघ्याला बसतो. लोळताना कोपरे सोलवटतात. खाली फरशी असेल तर उडीचा धक्का थेट नडगीला जातो, म्हणून नर्तक उड्या आखडत्या घेतात. ‘कलाकार बुजलेले वाटले’ असे लिहिण्याआधी प्रयोगानंतर मंचाला हात लावून पाहावा. प्रकाशाचेही तसेच. फक्त समोरून प्रकाश मारला की शरीर सपाट दिसते. विंगेतून, घोट्यापासून डोक्यापर्यंत वेगवेगळ्या उंचीवरून आडवा प्रकाश आला तरच पाठीचा बाक आणि बरगड्या दिसतात. मागे एलईडी पडदा चालू असेल तर डोळा तिकडेच जातो.

आता नातेवाइकांविषयी. जिल्ह्याच्या गावात नृत्यावर लिहू शकणारे थोडे, आणि त्यांतले बरेचसे कोणाचे तरी आई-वडील, भाऊ, नवरे. त्यांनी समीक्षा लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘मन्ही पोर’ मंचावर असली की डोळा बाकी कोणाकडे वळत नाही. तालमीत पाहिलेले प्रयोगात न दिसताही दिसल्यासारखे वाटते. उलट, पक्षपाताचा ठपका नको म्हणून काही जण घरच्या माणसाला जास्तच झोडपतात, तोही अन्यायच. पण तालमीचे लेखन त्यांच्याइतके कोणाला जमणार नाही. आठ मात्रांचा तुकडा का बदलला, उचलणाऱ्याने वेळेवर गुडघे वाकवले नाहीत तर सगळा भार त्याच्या कंबरेवर कसा येतो, हे बाहेरच्याला दिसत नाही. ते जरूर छापा, पण नाते पहिल्या ओळीत सांगून. लिहिणाऱ्याने पहिली दहा मिनिटे मुद्दाम दुसऱ्या नर्तकाकडे पाहावे आणि प्रयोगाबद्दल लिहिताना, खुर्चीत बसून जे कळले नसते ते प्रत्येक वाक्य खोडावे. मजकूर छापण्याआधी घरी दाखवायचा तो फक्त नावे तपासायला.

१९९४ साली अमेरिकेत आर्लीन क्रोची या समीक्षिकेने नृत्यरचनाकार बिल टी. जोन्स यांच्या एका रचनेवर, ती न पाहताच लिहिले आणि मोठा वाद झाला. तिने निदान पाहिली नाही हे उघड सांगितले होते. आपल्याकडे पान लवकर लागते म्हणून कार्यक्रम संपण्याआधीच ‘मंत्रमुग्ध’ रवाना होते. बातमी दुसऱ्या दिवशी द्या, पण परीक्षणासाठी तिसऱ्या दिवशी साडेतीनशे शब्दांची जागा ठेवा. खाली एक चौकट द्या: रचना, नर्तक, संगीत, प्रकाशयोजना, वेशभूषा, स्थळ, कालावधी. छायाचित्र प्रयोगाचे असावे. जागा कमी पडली तर सत्काराचा फोटो वगळा, प्रकाशयोजना करणाऱ्याचे नाव वगळू नका.

आपला,
एक वाचक, जळगाव