पीके मोहन बागानचे नव्हेत, रेल्वेचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

23 जूनच्या अंकात भारताचे फुटबॉलपटू प्रदीपकुमार बॅनर्जी ऊर्फ पीके यांच्यावर चौकट छापलीत, त्याबद्दल आधी आभार. मराठी पेपरात फुटबॉल म्हणजे युरोपातला कोण किती कोटींना विकला गेला, एवढेच असते. पण त्या चौकटीत पीकेंना 'मोहन बागानचे माजी विंगर' म्हटले आहे, ते वाचून माझा चहा गार झाला. पीके खेळाडू म्हणून कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबाकडे कधी गेलेच नाहीत. त्यांच्या प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालकडेही नाही. 1954 साली कलकत्त्यात आर्यन क्लबकडून सुरुवात, आणि 1955 पासून 1967 मध्ये खेळ थांबवेपर्यंत ईस्टर्न रेल्वे. बस्स.

घोटाळा कुठून होतो, ते ठाऊक आहे. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी दोन्ही क्लब गाजवले. 1975 च्या आयएफए शील्ड या कलकत्त्यातल्या स्पर्धेच्या फायनलला ईस्ट बंगालने मोहन बागानला 5-0 धुतले, तेव्हा ईस्ट बंगालचे कोच पीके. दोनच वर्षांनी पेले न्यूयॉर्कचा कॉसमॉस संघ घेऊन ईडन गार्डन्सवर उतरला आणि मोहन बागानने 2-2 बरोबरी केली, तेव्हा तिकडचे कोचही पीकेच. सामन्याआधी ते पोरांना जे बोलून पेटवायचे, त्याला बंगालात 'व्होकल टॉनिक' हे नावच पडले होते. या सगळ्या गाजावाजात खेळाडू पीके मागे पडले आणि त्यांच्याबरोबर आमची रेल्वेही.

'आमची' म्हणतो, कारण मी मध्य रेल्वेत 36 वर्षे काढली. आमच्या कचेरीत कलकत्त्याहून बदलून आलेले एक बंगाली साहेब होते. मधल्या सुट्टीत डबा संपला की पेपरवेट म्हणजे बॅक (बचावपटू), शाईच्या बाटलीचे झाकण म्हणजे चेंडू आणि टेबलाची कड म्हणजे टचलाइन. झाकण कडेकडेने सरकवत न्यायचे, पेपरवेटपाशी क्षणभर थांबायचे आणि बोटाने असे उडवायचे, की ते समोरच्याच्या ताकाच्या भांड्यात पडावे. "प्रदीपदाने ऐसा सेंटर किया!" उजव्या कडेने धावणाऱ्या विंगरला त्या वेळी राइट आउट म्हणायचे. साहेबांची हिंदी दिव्य होती, पण 1958 ची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. त्या वर्षी ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग या तिघांना मागे टाकून. त्यानंतर या तिघांबाहेरच्या संघाला ही लीग जिंकायला 2019 साल उजाडावे लागले. 61 वर्षे! आपल्या चौकटीत याला एक ओळही नाही, हे मला चुकीच्या क्लबाहूनही जास्त लागले.

बाकी कारकीर्द थोडक्यात सांगतो. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवले, त्यात मूळ गोव्याच्या, मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझांची हॅटट्रिक होती. त्या संघाचे राइट आउट पीके, वय वीस. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते कर्णधार होते आणि फ्रान्सशी 1-1 बरोबरी झाली, त्यातला आपला गोल त्यांचा. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारे पहिले फुटबॉलपटू तेच.

आणि 1962 चे जकार्ता, म्हणजे आशियाई क्रीडास्पर्धेची फायनल. स्टेडियम खच्चून भरलेले, लोक भारताच्या नावाने हुर्यो उडवत होते. कारण राजकारणाचे होते, खेळाडूंचा त्यात काय दोष? जर्नेलसिंग डोक्याला टाके घालून, बँडेज बांधून पुढच्या फळीत खेळले. दक्षिण कोरियाविरुद्ध पहिला गोल पीकेंचा, दुसरा जर्नेलचा. 2-1 आणि सुवर्ण. मुंबईकरांनी लक्षात ठेवावे असे नाव म्हणजे फोर्तुनातो फ्रँको, त्या संघातला हाफ-बॅक, आपल्या टाटा संघाचा गोवेकर. 2021 मध्ये ते गेले. पीके त्याआधीच्या वर्षी, 20 मार्चला.

त्या काळी फुटबॉलवर पोट भरत नसे. सराव, सामने आणि पहिल्या तारखेचा पगार, हे सगळे एका नोकरीत मिळायचे, म्हणून रेल्वे, टाटा, पोस्ट यांचे संघ टिकले. आज रेल्वेच्या मैदानांवर संध्याकाळी कोण खेळते, हे आपल्या क्रीडा प्रतिनिधीने एकदा कल्याणला येऊन पाहावे. मी सोबत येईन, चहाही पाजीन.

तूर्त चूकदुरुस्ती तेवढी छापावी. जागा कमी पडली तर माझे हे पत्र कापा, हरकत नाही, पण 'ईस्टर्न रेल्वे' पूर्ण छापा. 'ई. रे.' नको.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, कल्याण