सही करू नको म्हणालेल्या त्या मॅडमना

मॅडम, तुमचं नाव मी विचारलंच नाही. ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) दवाखान्याच्या खिडकीत बसायच्या, चष्मा केसांवर चढवलेला, इतकंच लक्षात आहे. मनातल्या मनात मी तुम्हाला मावशी म्हणते पण खिडकीत सगळे मॅडम म्हणायचे म्हणून इथे पण मॅडमच लिहिते. तुम्हाला मी आठवणार नाही, रोज शंभर जणी येत असतील. सप्टेंबर २०२३, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचा पंधरवडा, नवऱ्याच्या खांद्याला टेकून आलेली आणि एका हातात प्लास्टिकची पिशवी धरलेली (कशासाठी ते कळलं असेलच), ती मी.

मी गोव्यात फोंड्याच्या बाजूला एका औषध कंपनीत गोळ्यांच्या ब्लिस्टर पॅकिंगच्या लाइनवर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, अजून तिथेच काम करते. ऑगस्टमध्ये कळलं की दिवस गेलेत आणि आठवड्याभरात उलट्या सुरू झाल्या, म्हणजे सकाळी एकदोनदा होतात तशा नाही, दिवसाला पंधरा वीस, पाण्याचा घोट पण पोटात ठरेना. लाइन पुसायला स्पिरिटसारखं आयपीए वापरतात त्याचा वास आला की मी सरळ बाथरूमकडे पळायची आणि सुपरवायझर घड्याळ बघायचा. घरी सासूबाई पेज करून द्यायच्या, ती पण बाहेर. ५१ किलोची ४६ वर आले. शेवटी २८ ऑगस्टला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ॲडमिट केलं, लघवीत कीटोन (पोटात अन्न ठरत नसलं की येतात ते) निघाले, चार दिवस सलाइन. डॉक्टर म्हणाले याला हायपरएमेसिस ग्रॅव्हिडॅरम म्हणतात, हा आजार आहे, नुसते डोहाळे नव्हेत. हे वाक्य मला तेव्हा औषधापेक्षा जास्त लागू पडलं कारण तोपर्यंत घरीदारी सगळ्यांचं एकच, अगो सगळ्यांनाच होतं.

कंपनीतून पण तेच. नवऱ्याने ॲडमिट केल्याच्या दिवशीच व्हॉट्सॲपवर कळवलं होतं तरी फोन आला की सुट्या संपल्यात, आता ॲबसेंट लागतेय, उलट्या काय आमच्या घरी पण झाल्या, कोणी नोकरीला दांडी मारली नाही. शनिवारी नवऱ्याला गेटवर बोलवून एक टाइप केलेला कागद दिला, वैयक्तिक कारणामुळे राजीनामा देत आहे, खाली माझं नाव, तारीख कोरी. वर गोड बोलून, बरी झाली की परत घेऊ, रेकॉर्ड खराब होण्यापेक्षा हे बरं. आणि खरं सांगते मॅडम, मी सही करणारच होते. उठून बसायची ताकद नव्हती, भांडणार कुठून. आम्हाला वाटलं चांगुलपणाच करतायत.

सोमवारी तुमच्याकडे आलो ते फक्त औषधांसाठी. तुम्ही फाइल मागितली, नवऱ्याने सगळीच सरकवली, डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी आणि त्यातच तो कागद. तुम्ही तो वाचला, चष्मा खाली घेतला आणि परत वाचला. मग म्हणालात, "हें कितें गो? सय मारूं नाका हां." सही करू नको म्हणून. मागे लाइन ओरडत होती, कोणीतरी म्हणालं बाई लवकर करा, तुम्ही तिकडे बघितलं पण नाही.

पुढे तुम्ही जे पाच दहा मिनिटांत सांगितलं ते मला तीन वर्षं नोकरी करून माहीत नव्हतं. पगार १६,००० आणि स्लिपवर ईएसआयचे १२० कापलेले दिसायचे, मला वाटायचं हे खोकल्याच्या औषधासाठी. तुम्ही म्हणालात ईएसआयचा १९४८ चा कायदा आहे (तेव्हा तोच लागू होता), कलम ७३ बघ, आणि केसपेपरच्या मागे ७३ लिहून त्याला गोल केलात. गरोदरपणातून आलेल्या आजाराने कामावर जाता येत नाही असं नियमाप्रमाणे सर्टिफिकेट असेल तर तेवढ्या काळात मालक कामावरून काढू शकत नाही, आणि त्या काळात काढल्याची नोटीस दिली तरी ती चालत नाही. पण, आणि हे तुम्ही बोट आपटून सांगितलंत, तू आपण होऊन राजीनामा दिलास तर काढलं असं होतच नाही, मग कायदा तुझ्यासाठी काय करणार.

बाहेरच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन बसू नको, इथल्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घे, दर आठवड्याला ये, एक पण दिवस मध्ये सुटायला नको कारण कंपनीवाले सुटलेल्या दिवसालाच धरतात. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढ, एक कंपनीत द्यायची आणि दुसरीवर इनवर्डचा (कागद मिळाल्याचा) शिक्का घ्यायचा, शिक्का देत नसतील तर रजिस्टर एडीने पाठव, पोचपावती फाइलला लाव. व्हॉट्सॲप पण कर पण नुसत्या व्हॉट्सॲपवर राहू नको. आणि पैशाचं, गरोदरपणातल्या आजाराला बाळंतपणाच्या २६ आठवड्यांशिवाय वेगळा एक महिना असतो, तो त्या २६ मधून कापत नाहीत, त्यानंतर पण बरं वाटलं नाही तर साधा आजारपणाचा लाभ, पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. मला हे सगळं ऐकताना परत उलटीचा उमाळा आला, तुम्ही खिडकीतून आपल्या पाण्याची बाटली दिलीत आणि नवऱ्याला म्हणालात तूच लिहून घे, तिला काय आठवणार नाही. त्याने लाइट बिलाच्या मागे लिहून घेतलं.

सही केली नाही. नवरा पहिलं सर्टिफिकेट घेऊन गेटवर गेला तर सिक्युरिटीवाला म्हणे शिक्का आत आहे, साहेब नाहीत. सरळ पोस्टात गेला. पोचपावती आली तोवर तिकडून पण एक पत्र निघालं होतं, विनापरवाना गैरहजर असल्यामुळे तुम्ही नोकरी सोडली असं का समजू नये. तुम्ही सांगितलं नसतं तर ते पत्र बघूनच आम्ही हातपाय गाळले असते. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या आठवड्याचं सर्टिफिकेट आणि चार ओळींचं पत्र, ७३ सकट. नंतर फोन एकदम बंद. राजीनाम्याचा विषय परत कोणी काढला नाही, जसा काय तो कागद कधी नव्हताच.

ती चवथ मी आतल्या खोलीत दार लावून काढली, बाहेर नेवऱ्या तळत होत्या आणि मला गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या फळांचा वास पण सोसत नव्हता, पण दर आठवड्याला तुमच्याकडे आले. सात सर्टिफिकेटं झाली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, २३ ऑक्टोबरला फिट होऊन कामावर हजर. सुपरवायझर धड बोलला नाही महिनाभर, बोलू दे नाही तर नको. एवढं मात्र झालं की लाइनवरून काढून बसून कार्टन तपासायच्या टेबलावर दिलं. एप्रिलमध्ये मुलगी झाली, २६ आठवडे पूर्ण घेतले, परत आले तेव्हा तीच नोकरी, तोच पगार.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. माझ्या दोन वर्षं आधी आमच्याच लाइनवरची एक मुलगी अशीच गरोदर, चौथ्या महिन्यात काम सोडून गेली होती. आम्हाला सांगितलं तिनेच सोडली. आम्ही पन्नास पन्नास रुपये काढून तिला साडी दिली, हसून निरोप दिला. आता कळतं तिच्यापुढे पण तसाच कागद आला असणार. ती काँट्रॅक्टरकडून होती, काँट्रॅक्टवाल्यांना ईएसआय असतो हे पण मला तुमच्याकडूनच कळलं, तिला कोण सांगणार होतं.

आणि तुमची शिकवणी पुढे पण गेली बरं का. माझी चुलत नणंद पणजीला हॉटेलात रिसेप्शनला, पगार २१,००० च्या वर म्हणून ईएसआय नाही, तिला रक्तस्राव होऊन बेडरेस्ट सांगितली तेव्हा तिने मला फोन केला, जशी काय मी वकील. मी शोधून सांगितलं की तुला १९६१ चा मातृत्व लाभ कायदा (तेव्हा तोच लागू होता), वर्षात ८० दिवस काम झालेलं पाहिजे, आजाराचा एक महिना त्यात पण आहे, त्या रजेवर असताना काढता येत नाही, काढलं तर ६० दिवसांत दाद मागायची, पाटोवर श्रमशक्ती भवनात लेबर कमिशनरचं ऑफिस आहे तिथे जाऊन विचार. आणि सगळ्यात आधी काय सांगितलं असेल? सय मारूं नाका.

मुलीच्या बारशानंतर पेढे घेऊन दवाखान्यात आले होते. तुमच्या खुर्चीवर एक तरुण मुलगा, म्हणाला मॅडमची बदली झाली, कुठे ते त्याला माहीत नव्हतं. थोडा वेळ बाकावर बसले. मग पेढे लाइनीत उभ्या असलेल्यांना वाटले, दोन त्या मुलाला दिले, आणि तुमचे राहिले.