अथेन्समध्ये निवडणूक कमी, सोडत जास्त

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणुकांचा मोसम आला की वर्तमानपत्रांत, सभांतल्या भाषणांत आणि शाळेच्या प्रकल्पवह्यांत एक विधान हमखास दिसते : निवडणुकीने राज्यकर्ते निवडण्याची रीत प्राचीन ग्रीकांनी जगाला दिली. हे विधान दुरुस्त व्हायला हवे. 'ग्रीस' नावाचे एक राज्य तेव्हा नव्हतेच. शेकडो नगरराज्ये होती आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती. स्पार्टात एकाच वेळी दोन राजे असत आणि साठीपुढच्या २८ ज्येष्ठांची सभा असे. तिथला ज्येष्ठ कसा ठरे, तर उमेदवार एकेक करून सभेपुढून मुकाट चालत जाई आणि ज्याच्या वेळी लोकांचा आरडाओरडा सर्वांत मोठा, तो निवडला जाई. लोकशाही म्हणून ज्याचे दाखले दिले जातात ते बहुतेक अथेन्सचे असतात. अथेन्समध्ये निवडणूक होती, पण मोजक्या पदांसाठी. बाकीचा कारभार सोडतीवर चाले.

सोडत म्हणजे काय हे मुंबईकराला सांगायला नको. म्हाडाच्या घरांची सोडत आपण पाहतो. महापालिकेच्या २२७ प्रभागांपैकी कोणता प्रभाग कोणासाठी राखीव, हेही सोडतीने ठरते. मात्र आपली सोडत घर देते किंवा आरक्षण ठरवते, माणूस ठरवत नाही. अथेन्सची सोडत थेट माणूस ठरवी. तिथला पुढारी क्लेइस्थेनीस याने इ. स. पू. ५०८-५०७ च्या सुमारास नागरिकांची दहा गणांत फेरमांडणी केली आणि प्रत्येक गणात शहरातल्या, किनाऱ्यावरच्या आणि आतल्या भागातल्या वस्त्या मिसळल्या, म्हणजे एकाच भागातल्या बड्या घराण्यांना आपला गट बांधता येऊ नये. दर गणाचे ५० असे ५०० सदस्यांचे मंडळ होते, त्याला 'बूले' म्हणत. वस्ती जेवढी मोठी तेवढ्या तिच्या जागा. अखार्नाईसारख्या मोठ्या वस्तीला २२, लहान वस्तीला एखादीच. वय किमान ३०, मुदत एक वर्ष, आणि जन्मात दोनदाच. वर्षाचे दहा भाग करून प्रत्येक गणाचे पन्नास जण ३५-३६ दिवस रोजचा कारभार पाहत. त्यांच्यातून दररोज एक अध्यक्ष चिठ्ठीने निघे. खजिन्याच्या व दप्तराच्या किल्ल्या आणि राज्याची मोहोर एक दिवस व एक रात्र त्याच्या ताब्यात. दुसऱ्या दिवशी नवा अध्यक्ष, आणि ज्याचा एकदा दिवस झाला त्याला हे पद जन्मात पुन्हा नाही.

सेनापती मात्र मत देऊन निवडत. ते दहा असत आणि कितीही वेळा निवडून येऊ शकत. पेरिक्लीस ओळीने पंधरा वर्षे निवडून आला. युद्धात हातखंडा लागतो, तिथे नशिबावर सोडून चालत नाही, एवढा विचार त्यामागे होता. बाकीच्या पदांना निवडणूक का नको? ॲरिस्टॉटलने सरळ लिहिले आहे की पदे सोडतीने भरणे ही लोकशाहीची खूण मानली जाते आणि निवडणुकीने भरणे ही मोजक्यांच्या सत्तेची. निवडणुकीत घराण्याचे नाव, पैसा आणि बोलण्याची हातोटी पुढे जाते. हे अथेन्सकरांनी अनुभवाने ओळखले होते.

सर्वांत बारकाईने बांधलेली व्यवस्था न्यायालयांची, आणि तिच्यावर मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. दरवर्षी तिशीपुढचे ६,००० नागरिक पंच म्हणून शपथ घेत. खाजगी दाव्याला २०१ किंवा ४०१ आणि सार्वजनिक खटल्याला ५०१ किंवा त्याहून जास्त पंच बसत. प्रत्येकाकडे कांस्याची, बिल्ल्यासारखी एक पट्टी असे, पुढे ती लाकडाची झाली. तिच्यावर नाव, बापाचे नाव, वस्ती आणि ग्रीक वर्णमालेतल्या पहिल्या दहा अक्षरांपैकी एक अक्षर कोरलेले. जुने नाव घासून त्यावर नवे कोरलेल्या पट्ट्याही मिळाल्या आहेत, आणि काही पट्ट्या मालकांच्या कबरींत सापडल्या. माणसाने ती अखेरपर्यंत जपली होती.

सकाळी प्रत्येक गणाच्या दाराशी दोन सोडतयंत्रे उभी असत. यंत्र म्हणजे उभा दगडी फळा. त्यात पट्टी आत जाईल एवढ्या खाचांच्या पाच उभ्या रांगा आणि बाजूला एक पोकळ नळी. एका अक्षराच्या पट्ट्या एका रांगेत वरून खाली खोचायच्या. नळीत काळे आणि पांढरे फासे मिसळून टाकायचे. पाच पंच हवे असतील तर एक पांढरा, या हिशेबाने. नळीतून पहिला फासा पांढरा निघाला की वरची आडवी ओळ, म्हणजे पाचही रांगांतला पहिला माणूस, कामावर. काळा निघाला की ते पाच जण घरी. ५०० जणांची तीन न्यायालये भरायची असली तर दर गणाचे १५० पंच, दर यंत्राला ७५, म्हणजे १५ पांढरे फासे. निवडलेला माणूस मग एका भांड्यात हात घालून अक्षर कोरलेले ओकच्या झाडाचे बोंड काढी. त्यावरून त्याचे न्यायालय ठरे. त्या न्यायालयाच्या चौकटीला जो रंग, त्याच रंगाची काठी त्याच्या हातात दिली जाई. भलत्या दारात शिरला तर काठीचा रंग त्याला उघडे पाडी.

एवढा खटाटोप कशासाठी? लाचेमुळे. पायलॉस हे लष्करी ठाणे हातचे गेल्याबद्दल ॲनिटस या सेनापतीवर खटला झाला, तेव्हा त्याने पंचच विकत घेतले अशी नोंद आहे. हाच ॲनिटस पुढे इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसविरुद्धच्या तीन फिर्यादींपैकी एक होता. आज कोणत्या खटल्याला कोण बसणार हे आदल्या रात्री कळत असेल, तर पैसे कोणाला पोचवायचे हेही कळते. म्हणून सोडत त्याच सकाळी आणि एकामागून एक अशा दोनदा. मतदानही तसेच. प्रत्येकाला दोन कांस्याच्या चकत्या. दोन्हींच्या मधोमध लहानसा कणा. भरीव कण्याची आरोपीच्या बाजूची, पोकळ कण्याची फिर्यादीच्या बाजूची. कण्याची दोन्ही टोके अंगठा आणि बोटाने झाकून धरली की शेजाऱ्यालाही दिसत नाही कोणती कोणत्या पात्रात पडली. खरे मत कांस्याच्या भांड्यात, उरलेली चकती लाकडी भांड्यात. समसमान मते म्हणजे आरोपी सुटला. आणि सार्वजनिक खटल्यात फिर्यादीला एकपंचमांश मतेही पडली नाहीत, तर त्याला १,००० ड्राक्मा दंड. त्या काळी पंचाचा दिवसाचा भत्ता ३ ओबोल होता आणि ६ ओबोलांचा एक ड्राक्मा; यावरून दंडाचा भार लक्षात येईल.

बोलण्याची वेळ पाण्यावर मोजत. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्ताला घटिकापात्र लावत. तळाला भोक असलेली वाटी पाण्यावर तरंगते, भरते आणि २४ मिनिटांनी बुडते. अथेन्सचे क्लेप्सीड्रा याच्या उलटे : मातीचे भांडे भरून ठेवायचे आणि तळाच्या तोटीतून रिकामे होऊ द्यायचे. अगोराच्या, म्हणजे तिथल्या बाजारचौकाच्या, उत्खननात सापडलेले भांडे दोन मापांचे आहे, सुमारे ६.४ लिटर, आणि ते सहा मिनिटांत रिते होते. चार भांडी म्हणजे आपली एक घटका. काठाखाली एक भोक आहे. जास्तीचे पाणी त्यातून वाहून जाते, त्यामुळे भरणाऱ्याला दोन घोट कमी-जास्त करता येत नाहीत. पाणी उतरते तसा दाब घटतो आणि धार मंदावते, तेव्हा अर्धे भांडे म्हणजे अर्धा वेळ नव्हे. पण दोन्ही पक्षांना तेच भांडे काठोकाठ मिळते, म्हणून अन्याय होत नाही. पाच हजार ड्राक्मांवरच्या दाव्यात पहिल्या भाषणाला दहा मापे आणि प्रत्युत्तराला तीन. साक्ष किंवा कायदा वाचला जात असताना तोटी बंद. तोटीवर बसणारा माणूसही चिठ्ठीनेच निघालेला.

हे सारे आज कळते ते ॲरिस्टॉटलच्या शाळेत लिहिलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरच्या ग्रंथामुळे. इजिप्तमध्ये कोणीतरी शेतीच्या हिशेबाच्या गुंडाळ्यांवर, इ. स. ७८-७९ च्या हिशेबांच्या पाठकोऱ्या बाजूला, तो उतरवून ठेवला. ब्रिटिश म्युझियमने तो १८९१ मध्ये छापला. त्यातला सोडतयंत्राला असलेला शब्द कित्येक अभ्यासक 'खोली' असा वाचत राहिले. उत्खननात मिळालेले खाचांचे दगड त्या वर्णनाशी ताडून पाहिल्यावर, १९३० च्या दशकात, ते यंत्र आहे हे पटले.

आता हिशेब. सोडतीने अयोग्य माणूस निघणार नाही का, असा प्रश्न येतो. त्याला दोन चाळण्या होत्या. पद घेण्याआधी जाहीर चौकशी : बाप कोण, आजा कोण, आई कोणाची मुलगी, कुळाची थडगी कुठे, आईबापांना नीट वागवतोस का, कर भरलास का, लढाईला गेलास का. आणि पद सोडताना हिशेब. ३० दिवसांच्या आत चिठ्ठीने निवडलेल्या दहा हिशेबनिसांपुढे जमाखर्च मांडायचा. चोरी किंवा लाच सिद्ध झाली तर रकमेच्या दहापट दंड. नुसता गैरकारभार असेल तर नुकसानीएवढा. वर्षाच्या नवव्या भागापर्यंत भरला नाही तर दुप्पट. हिशेब मंजूर होईपर्यंत त्या माणसाला देश सोडता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे, मालमत्ता देवाला वाहता येत नसे. तमिळ मुलखात उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखांतही ग्रामसभेचे सदस्य मडक्यातल्या चिठ्ठ्यांतून, लहान मुलाच्या हाताने काढण्याची रीत आहे. आणि ज्याने आधीचा हिशेब दिला नाही त्याची चिठ्ठीच मडक्यात टाकत नसत. दोन मुलखांत एकमेकांना न विचारता सोडत आणि हिशेब जोडीने आले, याकडे आमचे लक्ष वारंवार जाते.

नागरिकांच्या सभेला, म्हणजे एक्लेसियाला, कोणीही नागरिक येऊ शके. काही ठरावांना ६,००० ची गणपूर्ती लागे. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत दोनतृतीयांश किंवा वीस सभासद जमेनात की काय होते हे मुंबईत सर्वांना माहीत आहे. अथेन्सलाही ती अडचण होती. बाजारात रेंगाळणाऱ्यांना पनिक्स टेकडीकडे हाकण्यासाठी गेरूत बुडवलेला दोर घेऊन शिपाई फिरत. पुढे हजेरीचा भत्ता सुरू झाला : आधी १ ओबोल, मग २, मग ३.

हे यंत्र कुठे फसले तेही छापायला हवे. इ. स. पू. ४०६ मध्ये आर्गिनुसाईची आरमारी लढाई जिंकून आलेल्या सेनापतींवर, वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवले नाही म्हणून, एकाच मतदानात एकत्र खटला चालवला गेला. प्रत्येकाचा स्वतंत्र न्याय व्हायला हवा होता. आठ जण दोषी ठरले, हजर असलेल्या सहांना मारले. सॉक्रेटिस त्या दिवशी अध्यक्षमंडळात होता आणि त्याने विरोध केला. हा खटला सोडतीच्या न्यायालयात नव्हे, संतापलेल्या एक्लेसियात झाला, हा फरक महत्त्वाचा आहे. खापरांवर नाव लिहून एखाद्याला दहा वर्षे हद्दपार करण्याच्या पद्धतीतही लबाडी शिरली : अक्रोपोलिसच्या उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याचे नाव लिहिलेली १९० खापरे सापडली, आणि ती सारी जेमतेम चौदा हातांनी लिहिलेली आहेत. कोणीतरी आधीच लिहून वाटपाला ठेवली होती.

आणि बायका, गुलाम, बाहेरून येऊन राहिलेले रहिवासी या साऱ्यांत कुठेच नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या परक्याने वर्षाला १२ ड्राक्मा डोईपट्टी भरायची, मत मात्र नाही. इ. स. पू. ४५१ नंतर आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असले तरच नागरिकत्व. लॉरिऑनच्या चांदीच्या खाणीत राबणारे गुलाम वगळून अथेन्सचे कौतुक लिहिले तर ते खोटे होईल.

शाळांना विनंती : पुठ्ठ्याच्या मंदिराऐवजी विद्यार्थ्यांकडून सोडतयंत्र करून घ्यावे. ४० मुलांच्या वर्गाला जाड पुठ्ठ्यावर पाच रांगा, प्रत्येकीत आठ खाचा. २० मुले निवडायची तर चार पांढऱ्या आणि चार काळ्या गोट्या. नळीचा आतला व्यास गोटीपेक्षा दोन-तीन मिलिमीटरच जास्त असावा. दुपटीच्या जवळ गेला की दोन गोट्या शेजारी अडकतात. नळीच्या तळाशी सायकलची तार आडवी घालावी आणि गोटीएवढ्या अंतरावर वर दुसरी. दोन्ही आलटून-पालटून काढल्या तरच एका वेळी एक गोटी पडते. एखादी रांग अपुरी राहिली तर सर्वांत आखूड रांगेत जेवढ्या पट्ट्या तेवढ्याच गोट्या घ्याव्यात, नाहीतर खालच्या ओळींत पाचाऐवजी चारच जण निवडले जातात आणि बेरीज चुकते. गोट्या ओतणाऱ्या मुलाला पट्ट्यांवरची नावे दिसू नयेत. त्याने फळ्याच्या मागे उभे राहावे.

कळावे,
प्राचीन इतिहासाचे काही अभ्यासक, मुंबई