बोगदा गाड्यांना मिळाला, आता जुना घाट आम्हाला द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

घाटातल्या बोगद्यांच्या बातम्या तुमच्या पेपरात नेहमी येतात. किती मिनिटं वाचणार, किती वळणं टळणार, पाहणीला कोण येऊन गेलं, सगळं असतं. पण बोगदा झाल्यावर वरच्या जुन्या घाटरस्त्याचं पुढे काय होणार, त्याची देखभाल कोण करणार, हे काही कुठे वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र. मी सायकल चालवतो आणि पावसाळा सरला की घाटवाटांना पायी पण जातो, तेव्हा यात माझा स्वार्थ आहेच, तो आधीच सांगून टाकतो.

कशेडीचंच घ्या. पोलादपूर सोडलं की खेडच्या बाजूला उतरेपर्यंत घाट. सायकलवर गोव्याला निघालो म्हटलं की लोकं पहिला प्रश्न विचारायची, कशेडीत कसं करणार? आता तिथला चढ काही एवढा जीवघेणा नाही, जीवघेणे होते ते ट्रेलर आणि रात्रीच्या लक्झरी बस. मागून लाइट पडली की गटाराच्या काठाला जाऊन उभं राहायचं, गाडी गेली की परत पॅडल मारायचं, आणि भर चढावर थांबलेली सायकल परत चालू करणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. बोगदा सुरू झाल्यापासून बहुतेक गाड्या खालून जातात. वर रस्ता तोच, झाडी तीच, वळणं तीच, नुसती गर्दी गेली. असा रस्ता सायकलवाल्यांसाठी मुद्दाम बांधा म्हटलं असतं तर सरकारने आम्हाला वेड्यात काढलं असतं, आणि तो आयता हातात आलाय! पण माझी भीती अशी की दोन पावसाळे दरडीची माती कुणी उचलणार नाही, मोऱ्या तुंबतील, पाणी रस्त्यावरून वाहील, कडा खचेल आणि मग एक दिवस दोन ड्रम आणि एक बोर्ड, रस्ता बंद. घाटातला रस्ता गाड्यांनी कमी आणि पाण्याने जास्त खराब होतो, गटार आणि मोरी साफ असली की डांबर बरंच टिकतं, त्यामुळे मी काही फार मोठा खर्च मागत नाहीये.

खंबाटकीतही तेच होणार आहे. साताऱ्याकडे जाणारी वाहतूक आजवर घाटातून चढत आली आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून. नव्या जुळ्या बोगद्यांमुळे घाटाचा भार उतरणार. बोरघाटात मिसिंग लिंकमुळे (एक्स्प्रेसवेचा घाटातला भाग टाळणारा नवा बोगद्यांचा रस्ता) बराच लोड डोंगराच्या पोटातून जाणार. बोरघाट तर सायकलवाल्यांचं जुनं दुखणं. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी, ती बरोबरच आहे, म्हणून खोपोलीहून जुन्या रस्त्याने चढायचं, शिंग्रोबाच्या देवळापाशी दम खायचा (इंग्रज साहेबाला डोंगरातली वाट दाखवणारा धनगर म्हणतात तो हाच, ड्रायव्हर लोक अजून नाणं टाकून पुढे जातात), आणि वर अमृतांजन पुलाच्या आसपास जुना हायवे आणि एक्स्प्रेसवे एकत्र येतात तिथे जीव मुठीत धरायचा. पूल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाडला पण नाव चालूच आहे. गाडीरस्ता म्हणून हा घाट १८३० पासून वापरात आहे, जवळपास दोनशे वर्षं, त्याला आता जरा सुखाचे दिवस यायला हरकत नाही.

मागणी अगदी साधी आहे. जिथे जिथे बोगदा किंवा नवा रस्ता झाला तिथे जुना घाट सोडून न देता स्लो रस्ता म्हणून ठेवा. स्थानिकांच्या गाड्या, एसटी, ॲम्ब्युलन्स जाऊ द्या, गावं आहेत मध्ये, त्यांचा हक्क पहिला. जड वाहनांना बंदी, वेगमर्यादा तीस-चाळीस, आणि रविवारी सकाळी चार तास फक्त सायकल आणि चालणारे.

याच्यात काही नवीन नाही. फ्रान्समध्ये व्होज नावाची रांग आहे, आल्प्ससारखी बर्फाची नाही, बुटकी आणि गच्च झाडीची. तिथला बालों द'आल्झास हा घाट पावणेबाराशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा कमीच. पण १९०५ साली टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत त्याच्यावरून गेली, रने पोतिए नावाचा सायकलपटू सगळ्यात आधी माथ्यावर पोचला, आणि आजही लोकं सायकल घेऊन मुद्दाम तो चढायला जातात. फ्रान्समधल्या बऱ्याच घाटांत दर किलोमीटरला सायकलवाल्यांसाठी छोटी पाटी असते, माथा किती लांब राहिला आणि पुढच्या किलोमीटरला चढ किती टक्के. एवढ्याशा पाटीने किती फरक पडतो सांगू! आमच्या पसरणी घाटात वाईपासून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, पावणेसहाशे मीटरच्या आसपास चढाई, सरासरी साडेचार-पाच टक्के, म्हणजे नवशिक्याने पण हलका गिअर टाकून हळूहळू चढावा असा घाट, पण हे त्याला सांगणार कोण? आपल्याकडे पाट्या कसल्या तर हॉटेलच्या आणि प्लॉटिंगच्या.

पाटीवरून आठवलं, घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असा नियम आहे, बोर्डही असतात. सायकल पण वाहनच आहे हो. पण समोरून उतरणारा एसयूव्हीवाला ओव्हरटेक करत आमच्या लेनमध्ये येतो आणि वर हॉर्न आम्हालाच देतो.

आता पायवाटांचं. हे जास्त महत्त्वाचं आहे खरं तर, कारण रस्ता बिघडला तर परत डांबर टाकता येतं, वाट गेली की गेली. सह्याद्रीत गाडीघाट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते तेव्हा पायघाट शेकड्याने होते, कोकणातून मीठ, मासळी वर यायची आणि देशावरचं धान्य खाली जायचं ते याच वाटांनी. नाणेघाट तर सातवाहनांचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा, लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आणि वर तो दगडी रांजण, जकातीचा म्हणतात. मुरबाडहून माळशेजला जाताना वैशाखरे गेलं की वाट लागते. केळदजवळच्या मढे घाटातून तानाजीचा देह उमरठला नेला असं सांगतात, लोकं मढेने कर्णवडीत उतरतात आणि उपांड्याने परत चढतात. हे नावाजलेले घाट म्हणून वाचले. बाकीच्या नाळा (कड्यामधल्या अरुंद घळी), दारं, सोंडेवरच्या वाटा फक्त गावातल्या म्हाताऱ्या मामांना माहीत आहेत, आणि गावात एसटी आल्यावर त्यांची नातवंडं कशाला चढतील उगाच तीन तास. त्यात वर नवीन रस्ता कापताना जेसीबीवाला सगळा राडारोडा दरीत ढकलून देतो आणि खालची चांगली मळलेली वाट गाडली जाते, वर कारवी माजते, दोन-तीन वर्षांत ढोरवाट कुठली आणि घाटवाट कुठली ते कळत नाही, आणि मग ट्रेकर चुकले, रेस्क्यू टीम रात्रभर शोधत होती अशी बातमी तुमच्याच पेपरात येते.

म्हणून घाटरस्त्याच्या टेंडरमध्ये एक अट घाला, खालची पायवाट मोकळी करून दिल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. आणि वाट दाखवायला गावातलाच माणूस घ्या, पैसे देऊन.

हे लिहिताना धाकधूक पण वाटते, कारण आपल्याकडे एखादी जागा लोकांना द्या म्हटलं की सरकार तिथे पेव्हर ब्लॉक घालतं. तसलं काही नको. रेलिंग नको, आय लव्ह घाट असली अक्षरं नकोत, सेल्फी पॉइंट तर अजिबातच नको, आणि पायवाटेला सिमेंटच्या पायऱ्या करू नका, पावसात शेवाळ धरलं की त्यावरून दगडी वाटेपेक्षा जास्त घसरायला होतं. आमच्या लोकांना पण बोलायला पाहिजे. एनर्जी जेलची रिकामी पाकिटं वळणावर टाकणारे सायकलवाले आहेत, शंभर-दीडशे जणांची बॅच ब्लूटूथ स्पीकर लावून नाळेतून उतरवणारे ट्रेकवाले आहेत, त्यांना दंड लावा, मी स्वतः टाळ्या वाजवीन.

पावसाळ्याचं मात्र नीट बघायला हवं. दरडी पडतात, माणसं मरतात, तेव्हा घाट बंद करायला कुणाची ना नाही, भोरहून महाडला उतरणारा वरंध घाट जवळपास दर पावसाळ्यात कधी ना कधी बंद असतोच आणि त्याला तसं कारणही असतं. वैताग वेगळाच आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, तो व्हॉट्सॲपवर फिरतो, मग मागच्या वर्षीचा पण फिरायला लागतो, बंदी जड वाहनांना आहे का सगळ्यांना, रात्रीपुरती आहे का दिवसभर, काही पत्ता नाही. भोरपर्यंत सायकल मारत जायचं आणि तिथे टपरीवाल्या दादांकडून समजून घ्यायचं की घाट बंद आहे. माणूस परत फिरतो हो, पण सगळे फिरत नाहीत, एवढ्या लांब आलोय तर बघू म्हणून पुढे जाणारेच जास्त.

यात तुम्ही थेट मदत करू शकता. धरणांचा पाणीसाठा तुम्ही पावसाळ्यात छापता, त्याच्याच शेजारी जून ते सप्टेंबर एक छोटी चौकट द्या. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, कुंभार्ली, माळशेज, आंबोली, कुठला चालू, कुठला बंद, कुणासाठी आणि किती तारखेपर्यंत. शुक्रवारच्या अंकात आली तरी चालेल, आमचं रविवारचं शनिवारी रात्रीच ठरतं.

आपला,
एक सायकलवाला वाचक, चिंचवड